प्रोटीनचा डबा घ्यायच्या आधी वही घ्या (दमछाक होईपर्यंत ट्रेनिंग करणाऱ्यांसाठी)

आमचा सात-आठ जणांचा ग्रुप आहे, मंगळवार आणि गुरुवार पहाटे पांडवलेणीच्या पायऱ्या, शनिवारी ग्राउंडवर सर्किट. पायऱ्या म्हणजे चालत दर्शनाला जातो तसं नाही, खालून वरपर्यंत जीव तोडून पळायचं, हळूहळू उतरायचं, परत पळायचं, असे सहा-आठ राउंड. पाचव्या राउंडला माणूस बोलायचा बंद होतो. मग खाली पाथर्डी फाट्यावर चहा, आणि चहाच्या पहिल्या घोटाबरोबर कुणीतरी विचारणारच, "दादा, प्रोटीन कोणतं घेऊ?" इतक्या वेळा उत्तर दिलंय की म्हटलं एकदा नीट लिहूनच टाकावं. मी डॉक्टर नाही की डाएटिशियन नाही, एक्केचाळीस वर्षांचा नोकरदार माणूस आहे, पण या डब्यांच्या नादात बऱ्यापैकी पैसे घालवलेत आणि बरंच वाचलंय.

तर पहिलं, कोणतं घेऊ हा प्रश्नच नंतरचा आहे. आधी किती कमी पडतंय ते बघा. सप्लिमेंट म्हणजे पुरवणी, मूळ पेपर किती लिहिलाय हे न बघता पुरवणी मागून काय करणार?

गरजेचा हिशेब असा. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०२० च्या शिफारशीत साध्या माणसाला दिवसाला दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम प्रोटीन सांगितलंय. जोरात ट्रेनिंग करणाऱ्याला ते पुरत नाही, क्रीडा पोषणवाल्या आंतरराष्ट्रीय संस्थांचे आकडे १.२ ते २ ग्रॅमच्या मध्ये फिरतात. २०१८ मध्ये ४९ अभ्यासांचा डेटा एकत्र करून बघितला होता, त्यात वेट ट्रेनिंग करणाऱ्यांना सरासरी १.६ च्या पुढे जास्त प्रोटीन घेऊन मसल वाढण्यात फारसा फायदा दिसला नाही. म्हणून मी १.६ धरून चालतो. वजन खूप जास्त असेल, कमी करायचं असेल, तर सध्याच्या वजनावर नका काढू, उंचीप्रमाणे जे साधारण असायला हवं त्यावर काढा, नाहीतर ११० किलोच्या माणसाला १७६ ग्रॅम येतील आणि तो बिचारा दिवसभर चावतच बसेल.

माझं वजन ६८. गुणिले १.६ म्हणजे १०९ ग्रॅम.

आता वही. तीन दिवस, त्यातला एक रविवार धरा, जे जे पोटात गेलं ते लिहायचं. ॲप वापरा हरकत नाही पण ॲपमध्ये आपली वाटी कुठली ते कळत नाही, म्हणून स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा घ्या आणि कच्चं धान्य मोजा. माझा एक साधा मंगळवार सांगतो. सकाळी प्लेटभर पोहे, शेंगदाणे टाकून, ६ ग्रॅम. दिवसभरातल्या चहांमधलं दूध मिळून ३. दुपारी डब्यात तीन पोळ्या, वाटीभर वरण, भाजी, थोडा भात, सगळं मिळून २० च्या आसपास. संध्याकाळी बिस्किटं, २ पण धरायला लाज वाटते. रात्री दोन बाजरीच्या भाकरी, मटकीची उसळ, वाटीभर दही, २०–२१. बेरीज ५२.

म्हणजे मी स्वतःला "आपण तर व्यवस्थित जेवतो" म्हणत होतो आणि गाडी निम्म्यावर होती. यात जेवण वाईट आहे असं अजिबात नाही, ऑफिसात बसणाऱ्या माणसाला ते जवळजवळ पुरेसं आहे (६८ × ०.८३ म्हणजे ५६), फक्त आठवड्यातून तीन दिवस जीव काढणाऱ्याला कमी आहे.

रविवारची वही तर बघायलाच नको. रविवारी ट्रेनिंग नसलं तरी मिसळ असते, नाशिकमध्ये राहून ती टाळणाऱ्याला मी नमस्कार करतो. मिसळीत मटकी आहे म्हणजे प्रोटीन आहे असं आमच्यातला एकजण छातीठोकपणे सांगायचा. मी एकदा घरच्या मिसळीची मटकी मोजली, एका प्लेटला कोरडी ३० ग्रॅम, म्हणजे ७ ग्रॅम प्रोटीन, पावाचं आणि दह्याचं धरून १५–१६ पर्यंत जातं. आणि वर तर्री, फरसाण, दोन पाव एक्स्ट्रा. खा मस्तपैकी, पण तिला प्रोटीनचं जेवण म्हणून वहीत लिहू नका.

आता खड्डा भरायचा. माझा खड्डा ५७ ग्रॅमचा. इथे लोक सरळ दुकानात जाऊन डबा आणतात आणि दोन स्कूप (डब्यात येणारा मापाचा चमचा) सुरू करतात. मी आधी घरातून भरला. तीन अंडी, १८ ग्रॅम. रात्री एक मोठा ग्लास दूध, ८. संध्याकाळच्या बिस्किटांच्या जागी मूठ-दीड मूठ फुटाणे, साधारण ५० ग्रॅम, त्यात १०. झाले ३६. राहिले २१. हे २१ म्हणजे एक स्कूप. बस, माझ्या आयुष्यात त्या डब्याची जागा एवढीच आहे. ज्या दिवशी घरी चिकन असतं किंवा सोयाबीनच्या वड्यांची भाजी असते (४० ग्रॅम कोरड्या वड्या म्हणजे २० ग्रॅम प्रोटीन, याच्याइतकं स्वस्त काही नाही) त्या दिवशी डबा उघडतच नाही.

शेंगदाण्याबद्दल एक. १०० ग्रॅममध्ये २५ ग्रॅम प्रोटीन हे खरं, पण त्याच १०० ग्रॅममध्ये जवळजवळ दुप्पट फॅट आहे. चटणी, कूट, लाडू सगळं खा, पण २५ ग्रॅम प्रोटीनसाठी शेंगदाणे खायला गेलात तर साडेपाचशेच्या वर कॅलरी होतात. पीनट बटरच्या बरणीवर प्रोटीन असं मोठ्ठं लिहिलेलं असतं त्याला भुलू नका.

उपासाचा दिवस हा वेगळाच विषय आहे. साबुदाण्यात प्रोटीन नसल्यातच जमा. चतुर्थी किंवा एकादशी गुरुवारी आली की आमच्यातले दोघं सकाळी पायऱ्या पळून दिवसभर खिचडीवर राहतात आणि शुक्रवारी जिना उतरताना कठड्याला धरतात. उपास करायचाच असेल तर खिचडी कमी, दूध-दही-पनीर जास्त, राजगिऱ्याची भाकरी किंवा लाह्या दुधात. व्हे पावडर (डब्यात बहुतेक हीच असते) दुधाचीच असते त्यामुळे ती उपासाला चालते का हे ज्याने त्याने घरी विचारावं, आमच्या आईने "त्या डब्यात वासाला काय घातलंय ते आधी सांग" म्हणून नापास केली. त्यापेक्षा त्या दिवशी पायऱ्याच नको, चालायला जा.

डब्यात असतं काय ते बघू. पनीर करताना दूध फाटल्यावर जे हिरवट पाणी उरतं ना, तेच व्हे. परदेशात चीज करताना उरलेलं हे पाणी गाळून, सुकवून पावडर करतात. कॉन्सन्ट्रेट म्हणजे ७०–८० टक्के प्रोटीन, थोडी दुधातली साखर (लॅक्टोज) आणि फॅट शिल्लक. आयसोलेट म्हणजे ९० टक्क्यांच्या आसपास, लॅक्टोज जवळजवळ नाही, महाग. दूध प्यायलं की ज्यांचं पोट गुडगुडतं त्यांनी आयसोलेट घ्यावं, बाकीच्यांनी उगाच जास्त पैसे देऊ नयेत. दूधच नको असेल तर सोया किंवा वाटाणा आणि तांदूळ मिक्स, चव खडूसारखी पण काम होतं, डोस थोडा जास्त घ्यावा लागतो इतकंच.

व्हेचं कौतुक का, तर ते पटकन पचतं आणि त्यात ल्युसिन नावाचं अमिनो ॲसिड (प्रोटीन ज्या विटांचं बनतं त्यातली एक वीट) भरपूर असतं, मसल बांधायचं काम सुरू करायचं बटण म्हणजे ते. एका वेळी २ ते ३ ग्रॅम ल्युसिन मिळालं की काम भागतं आणि २५ ग्रॅम व्हे प्रोटीनमध्ये तेवढं निघतं. आपल्या डाळी-उसळींमध्ये ते कमी पडतं आणि पचायला वेळही लागतो, म्हणून शाकाहारी माणसाला एक स्कूपचा फायदा अंडी-चिकन खाणाऱ्यापेक्षा जास्त जाणवतो. बीसीएएच्या रंगीत पाण्यावर मात्र पैसे घालवू नका, नऊ गरजेच्या अमिनो ॲसिडपैकी त्यात तीनच असतात आणि ती तिन्ही व्हेमध्ये आधीच आहेत. कोलॅजेन सांध्यांसाठी कुणाला घ्यायचं तर घ्या, मसलसाठी ते प्रोटीन म्हणून मोजू नका.

माझी फजिती सांगतो म्हणजे लेबल वाचायचं महत्त्व कळेल. पहिला डबा आणला तो तीन किलोचा, केवढा मोठा आणि किती स्वस्त म्हणून खूश. दीड महिना सकाळ-संध्याकाळ घेतला, पोट सुटलं, पायऱ्यांवर दम जास्त लागायला लागला. मग एकदा चष्मा लावून मागचं वाचलं तर १०० ग्रॅमच्या सर्व्हिंगमध्ये प्रोटीन १५ आणि कार्ब ७५. तो मास गेनर होता, म्हणजे वजन वाढवायची पावडर. दुकानदाराला मी "प्रोटीन द्या" म्हटलं होतं, त्याने जे संपवायचं होतं ते दिलं, पण न वाचता आणलं मी, त्याला काय बोलणार. काडीपैलवान पोरांना खरंच वजन वाढवायचं असेल तरी घरी दूध, केळं, सत्तू, शेंगदाणे फिरवा मिक्सरमधून, तोच गेनर.

तेव्हा डबा हातात घेतला की समोरचा फोटो बघायचा नाही, उलटा करायचा. १०० ग्रॅमला प्रोटीन किती, ७० च्या खाली असेल तर ठेवून द्या. मग घटकांची यादी, ती जास्तीकडून कमीकडे लिहिलेली असते, पहिलं नाव व्हेचं पाहिजे, माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्चपासूनचं स्वस्त कार्ब) किंवा साखर वर दिसली तर परत ठेवा. यादीत ग्लायसीन, टॉरिन अशी सुटी अमिनो ॲसिड घातलेली दिसली तर सावध, कारण प्रोटीन मोजायची जी जुनी पद्धत आहे ती खरं तर नायट्रोजन मोजते, आणि स्वस्तातलं ग्लायसीन टाकलं की आकडा फुगतो, दुधात पाणी घालणाऱ्यांचाच हा सुटाबुटातला भाऊ. एफएसएसएआयचा (खाद्यसुरक्षा बघणारी सरकारी संस्था) १४ आकडी लायसन्स नंबर असतो तो त्यांच्या साइटवर टाकून बघता येतो, बाहेरून आलेला माल असेल तर इम्पोर्टरचं नाव-पत्ता छापलेलं स्टिकर पाहिजे. स्टिकरवर स्टिकर, खरवडलेली तारीख, सीलला परत चिकटवल्याच्या खुणा, असं काही दिसलं तर "ओळखीतलं आहे, पंचवीस टक्के डिस्काउंट देतो" म्हणणाऱ्याला रामराम करा. हे उगाच घाबरवायला नाही. २०२४ मध्ये आपल्याकडच्या डॉक्टरांनी बाजारातल्या ३६ पावडरी लॅबमध्ये तपासून निकाल छापले होते, त्यात ७० टक्क्यांच्या आसपास डब्यांवरचा प्रोटीनचा आकडा खऱ्याशी जुळत नव्हता, काहींमध्ये बुरशीचं विषही सापडलं. बॅच नंबरप्रमाणे लॅब रिपोर्ट दाखवणारी कंपनी मिळाली तर दोन पैसे जास्त गेले तरी चालतील. आणि तुमचं पोर जिल्हा-राज्य पातळीवर पळत असेल तर आणखी जपा, डोपिंगच्या नियमात "पावडरमध्ये भेसळ होती, मला माहीत नव्हतं" म्हटल्याने कुणी आपोआप सुटत नाही, शरीरात सापडलं की जबाबदारी खेळाडूची. अशांनी डोपिंगच्या पदार्थांसाठी बॅच तपासलेलाच माल घ्यावा, नाहीतर अंडी-दुधावर भागवावं.

पैशाचा हिशेब ग्रॅमवर काढा, डब्यावर नाही. माझ्या मागच्या डब्याचे २४०० रुपये, एक किलो, २४ ग्रॅमचे तीस डोस, म्हणजे प्रोटीनचा एक ग्रॅम ३ रुपये ३० पैशांना पडला. अंडं सात रुपयांना धरलं तर ग्रॅमला सव्वा रुपयाच्या आत. दूध दोन रुपयांच्या आत. फुटाणे ऐंशी पैसे. सोयाच्या वड्या तीस पैसे! भाव तुमच्या गल्लीतले टाका आणि काढून बघा, डबा कायम शेवटून पहिला येतो. त्याची खरी किंमत सोयीची आहे. पहाटे पायऱ्यांवरून सव्वासातला घरी, आठला अंबडच्या बससाठी बाहेर, त्यात तीन अंडी उकडणार कोण.

कधी घ्यायचं? व्यायाम संपल्यावर अर्ध्या तासात घेतलं नाही तर वाया, हे जिमच्या भिंतीवरचं ज्ञान आहे. ट्रेनिंगनंतर मसल दिवसभर प्रोटीन वापरायला तयार असतात, २४ तास तरी. दिवसाचा एकूण आकडा गाठणं पहिलं, मग तो तीन-चार वेळांत सारखा वाटणं दुसरं, घड्याळ तिसरं. एका वेळी वजनाच्या किलोमागे ०.२५–०.३ ग्रॅम, म्हणजे बहुतेकांना २० ते २५ ग्रॅम पुरतात, साठीच्या पुढच्यांना जरा जास्त लागतात. आपल्या जेवणात गडबड अशी की सकाळी पोहे-उपमा म्हणजे ५–६ ग्रॅम आणि सगळा भार रात्रीवर. म्हणून स्कूप सकाळी घ्या, तिथेच सगळ्यात मोठी फट आहे. रिकाम्या पोटी पळून आला असाल तर फार उशीर करू नका, तासाभरात घेऊन टाका. आराम असतो त्या दिवशीही आकडा तोच ठेवायचा, दुरुस्तीचं काम त्याच दिवशी चालू असतं.

आता जे सगळ्यात जास्त चुकतं ते. पायऱ्या, स्प्रिंट, बर्पी, टबाटा (वीस सेकंद जीव खाऊन, दहा सेकंद थांबा, असे आठ), हे सगळं चालतं कशावर, तर मसलमध्ये साठवलेल्या कार्बवर, ग्लायकोजेनवर. प्रोटीनवर नाही. चौथ्या-पाचव्या राउंडला पाय शिशासारखे झाले की लोकांना वाटतं प्रोटीन कमी पडलं. नाही, आदल्या रात्री भात-भाकरी बंद केली होती किंवा एक वाजेपर्यंत मोबाईल बघत होते. आमच्यात एकजण महिनाभर पोळी-भात सोडून सकाळ-संध्याकाळ शेकवर होता, त्याचा वरपर्यंतचा टाइम प्रत्येक आठवड्याला वाढत गेला, पोट साफ होईना ते वेगळंच. परत भाकरी सुरू केली, पळायच्या आधी दोन खजूर किंवा अर्धं केळं सुरू केलं, पंधरा दिवसांत गडी लायनीवर. शेकमुळे स्टॅमिना वाढत नाही, तो पळून वाढतो, प्रोटीन फक्त तुटलेलं जोडायचं सामान पुरवतं. आणि दुखणं एका दिवसात गायब होईल अशीही अपेक्षा नको, अंगदुखीवर त्याचा परिणाम थोडाच.

आयसीएमआरच्या २०२४ च्या आहार मार्गदर्शनात तर प्रोटीन सप्लिमेंट टाळाच असं सांगितलंय, आणि रोज अर्धा तास चालणाऱ्या माणसासाठी मला ते पटतं. त्याला डबा कशाला पाहिजे.

ज्यांनी घेऊच नये किंवा डॉक्टरला विचारल्याशिवाय घेऊ नये: किडनीचा आजार असलेले, एकच किडनी असलेले. मुतखडा, युरिक ॲसिड, लिव्हरचा त्रास, जुना डायबेटिस असेल तर आधी विचारा. धडधाकट किडनीला १.६ ने काही होत नाही, पण आपली किडनी धडधाकट आहे हे आपल्याला माहीत असतं का? सुरू करायच्या आधी एकदा क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) आणि लघवीची साधी तपासणी करून घ्या, फार पैसे लागत नाहीत. क्रिएटिन पावडरही (ताकदीसाठी घेतात ती वेगळी पावडर) घेत असाल तर रिपोर्ट दाखवताना डॉक्टरला तसं सांगा, त्याने क्रिएटिनिनचा आकडा थोडा वर दिसू शकतो आणि उगाच सगळ्यांची झोप उडते. वाढत्या वयाच्या पोरांना डबा नको, त्यांना जेवायला घाला.

बनवायची पद्धत. पहिले चार-पाच दिवस अर्धाच स्कूप, पोटाला सवय होऊ द्या. आधी पाणी, मग पावडर, उलटं केलं की बुडाला गोळा बसतो आणि तो चमच्याने खरवडावा लागतो. उकळत्या दुधात टाकू नका, गुठळ्या होतात, डिसेंबरातल्या आपल्या थंडीत कोमट पाणी ठीक. स्कूप एकदा तरी काट्यावर मोजा, मी शिगोशिग भरायचो, लेबलवर ३३ ग्रॅम, काट्यावर ४१ आले, तेव्हा कळलं महिन्याचा डबा चोवीस दिवसांत का संपतो. दिवसभर पाणी नेहमीपेक्षा जास्त. महिन्यातून एकदा वही परत काढा, खड्डा बुजला असेल तर स्कूप बंद.

आणि शेकर घरी आल्या आल्या धुवा. मी एकदा एप्रिलमध्ये गाडीच्या डिकीत विसरलो, दोन दिवसांनी पार्किंगमध्ये झाकण उघडलं तर शेजारच्या काकू वरून विचारायला लागल्या, उंदीर मेलाय का हो कुठे. कोमट पाण्यात खायचा सोडा घालून रात्रभर ठेवला तरी त्या झाकणाच्या रबराचा वास गेला नाही, शेवटी टाकूनच दिला.